मांगं लागणं

दिवसाउजेडी घुबड चुकून फांदीवर दिसलं की आधी एक कावळा ओरडतो. त्याचं ऐकून दुसरा येतो, मग कोतवाल येतात, साळुंक्या येतात आणि पाच मिनिटांत त्या झाडावर नुसता कालवा. घुबडानं त्या घटकेला कोणाचं काही बिघडवलेलं नसतं. ते फक्त नको त्या वेळी सगळ्यांच्या नजरेला पडलेलं असतं. गडचिरोलीच्या कुरखेडा तालुक्यात गुरांमागं जाणाऱ्या पोरांना हे दृश्य नवं नाही. "कावळे मांगं लागले," एवढंच ते म्हणतात.

वर्गातली तक्रारही याच शब्दांत येते. "सर, ते पोट्टे माह्या मांगं लागले." इतकी वर्षं मी हे वाक्य कानाआड करत आलो. या पुस्तकाची प्रस्तावना लिहायला बसलो तेव्हा लक्षात आलं, की ज्या गोष्टीला मराठीत शब्द नाही म्हणून आम्ही मास्तर लोक 'बुलिंग, बुलिंग' करत होतो, तिचा शब्द पोरांकडे होताच. छळ म्हटलं की आपल्याला सासुरवास आठवतो. चिडवणं फार हलकं पडतं. रॅगिंग म्हटलं की वसतिगृहाची खोली आणि महाराष्ट्राचा १९९९ चा कायदा डोळ्यांपुढे येतो. मांगं लागणं यांतल्या कशातच बसत नाही, आणि या सगळ्यांहून नेमकं आहे.

स्वीडनचीही कधीकाळी हीच अडचण झाली होती. पेटर-पॉल हाइनेमान नावाच्या डॉक्टरनं १९६९ साली, टोळकं करून एकट्या मुलाला गाठणाऱ्या मुलांबद्दल लिहायला घेतलं, तेव्हा त्यालाही शब्द सापडेना. त्यानं तो प्राण्यांच्या अभ्यासातून उचलला. पक्षी मिळून एखाद्यावर तुटून पडतात त्याला कोनराड लॉरेन्झच्या लेखनात जो शब्द होता, तोच 'मॉबिंग' त्यानं शाळेतल्या मुलांना लावला. आमची गुराखी पोरं आणि तो डॉक्टर, दोघांनी एकच झाड पाहिलं होतं म्हणायचं. पुढे शेजारच्या नॉर्वेत १९८२ साली तीन मुलांनी जीव दिला. बरोबरीच्या मुलांचा जाच हे त्यामागचं कारण असावं असं पुढे आलं आणि सरकारनं देशभरच्या शाळांत मोहीम काढली. तिची बैठक घालणाऱ्या डान ओल्वेउस या मानसशास्त्रज्ञानं मस्करी आणि जाच यांतला फरक ओळखायला तीन खुणा दिल्या. जाणूनबुजून केलेलं, पुन्हा पुन्हा केलेलं, आणि ज्याला उलटून काही करता येत नाही अशाला केलेलं.

फोननं यातली मधली खूण पार बदलून टाकली. फोटोवर काहीबाही लिहून तो ग्रुपवर टाकणारा मुलगा ते एकदाच करतो. 'पुन्हा पुन्हा'चं काम बाकीचे करतात, आणि त्यांतल्या एकालाही आपण काही केलं असं वाटत नाही. शिवाय संध्याकाळ झाली की कावळे झोपतात आणि घुबड सुटतं. फोनमधले कावळे चादरीत शिरतात.

या विषयावर जे काही लिहिलं जातं ते बहुतेक पुण्या-मुंबईच्या मुलांना डोळ्यांपुढे ठेवून. त्यात मुलाची स्वतःची खोली असते, स्वतःचा फोन असतो आणि त्याला त्रास देणारा कुठला तरी अनोळखी माणूस असतो. सती नदीच्या काठावरच्या या तालुक्यात यातलं एकही लागू पडत नाही. इथं स्मार्टफोन पोरांच्या हातात आला तो मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्यावर. कुणी धानाचे चुकारे आल्यावर घेतला, कुणी तेंदूपत्त्याच्या हंगामाचे पैसे मोडून. 'ऑनलाइन अभ्यास' म्हणून घेतलेल्या त्या फोनवर अभ्यास किती झाला ते आम्हा शिक्षकांना माहीत आहे. रेंजसाठी पोरं टेकाडावर नाहीतर पाण्याच्या टाकीवर चढत होती. शाळा पुन्हा भरल्या, फोन मात्र घरातच राहिला. तो अजूनही पुष्कळ घरांत एकच आहे. दिवसा बापाकडे, संध्याकाळी भावाकडे, आणि रात्री सगळे झोपले की बहिणीकडे. सिमकार्ड बापाच्या नाहीतर काकाच्या आधारवर. पोरानं खोटं खातं काढून कुणाला शिव्या घातल्या तर नंबरचा माग काढत पोलीस आधी बापाच्याच दारी येणार, हे पोरांना कुणी सांगितलेलं नसतं आणि बापालाही नसतं.

आणि अनोळखी माणूस? तो आहे, पैशांसाठी फसवणारा तर नक्कीच आहे. पण इतक्या वर्षांत माझ्यापर्यंत आलेल्या तक्रारींत मांगं लागणारा बहुतेक वेळा शेजारच्या बाकावरचा, पलीकडच्या टोलीवरचा, आतेभावाचा मित्र निघाला. खातं बिननावाचं असतं, पण शिव्या कुठल्या गावच्या बोलीतल्या आहेत ते दुसऱ्या ओळीतच कळतं. शहरात मुलगी शाळा बदलते, वस्ती बदलते. इथं पंचक्रोशीत सगळ्यांना सगळे ठाऊक. मांगं लागणाऱ्याच्या घरावरूनच रोज सायकल न्यायची असते.

आता थट्टेचं. या विषयावर बोलायला लागलं की गावात कुणीतरी म्हणतंच, की अहो, आम्ही काय कमी चिडवाचिडवी केली? थोडी मस्करी सोसायला शिकलं पाहिजे पोरांनी. खरं आहे, झाडीपट्टीचा माणूस थट्टेवर तर जगतो. वडशाच्या नाटक कंपन्या दिवाळीनंतर गावोगाव निघतात, मंडई आणि शंकरपटाच्या रात्री पहाटेपर्यंत पडदा चालतो, आणि त्या नाटकांतला विनोदी नट सरपंचापासून सासूपर्यंत कुणाला सोडत नाही. याच तालुक्यातल्या गुरनोलीच्या परशुराम खुणे यांनी जन्मभर लोकांना हसवलं आणि २०२३ साली त्यांना पद्मश्री मिळाली. तेव्हा थट्टा म्हणजे काय हे आम्हाला कुणी शिकवायची गरज नाही. पण नीट पाहा. तिथं हसवणारा उजेडात उभा असतो, तोंडाला रंग लावून, सगळ्यांदेखत. विनोद अंगलट आला तर लोक त्याला ओरडून सांगतात. ज्याच्यावर विनोद झाला तोही गर्दीत बसून हसत असतो, नाहीतर उठून घरी जाऊ शकतो. आणि पहाटे पडदा पडतो. फोनवरच्या 'मस्करीत' उजेडात उभी असते ती मुलगी, आणि हसवणारा अंधारात. यालाही मस्करी म्हणायचं तर म्हणा, पण मग खुण्यांच्या कलेला दुसरा शब्द शोधा.

एक प्रसंग सांगतो. तो मला शोभणारा नाही, म्हणूनच सांगायला हवा.

नववीतली एक मुलगी स्नेहसंमेलनात नाचली. कुणीतरी तिचा नाच फोनवर घेतला, त्यावर एक भलताच आवाज चढवला, खाली तिच्या रंगाबद्दल दोन शब्द लिहिले आणि वर्गाच्या ग्रुपवर सोडून दिलं. तिथून ते वरच्या वर्गाच्या ग्रुपवर गेलं, तिच्या भावाच्या क्रिकेटच्या ग्रुपवर गेलं, आणि तिसऱ्या दिवशी तिच्या मामाच्या गावी पोचलं. मुलीनं घरी सांगितलं की पोट दुखते. आठ दिवस ती आली नाही. मला कळलं ते तिच्या मैत्रिणीकडून, तेही आडून आडून. मला राग आला, आणि रागाच्या भरात मी मास्तर जे करतो तेच केलं. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर सगळ्या शाळेपुढे वीस मिनिटं बोललो. नाव घेतलं नाही, याचं मला तेव्हा कौतुकही वाटलं. आपल्या शाळेतल्या एका भगिनीचा, असं मी म्हणालो आणि सगळ्या माना नववीच्या रांगेकडे वळल्या. ती मुलगी त्याच दिवशी आठ दिवसांनी पहिल्यांदा शाळेत आली होती. ज्यांनी तो नाच फोनवर पाहिला नव्हता त्यांनी त्या संध्याकाळी शोधून पाहिला. कावळ्यांना झाड मी दाखवलं होतं. दहावीला ती आमच्या शाळेत नव्हती.

नंतर तिच्या आईशी बोलणं झालं. मी विचारलं, पोरीनं तुम्हाला आधी का नाही सांगितलं? माय म्हणाली, "सांगितलं असतं त मी तिचा फोन घेतला असता, सर. अन् तिच्या बापानं शाळा बंद केली असती. तिले मालूम होतं." या पुस्तकात काय हवं, असं मला विचारलं गेलं तेव्हा मी एवढंच म्हणालो, की त्या मायच्या वाक्याला उत्तर हवं. पासवर्ड मोठा ठेवा, अनोळखी लिंक दाबू नका, हे सगळं पुढच्या पानांवर आहे आणि ते गरजेचंही आहे. पण पोरं मुकी बसतात ती पासवर्ड छोटा असतो म्हणून नव्हे. तोंड उघडलं की शिक्षा आपल्यालाच होते, हा त्यांचा हिशेब असतो, आणि तो चुकीचा नसतो. मुलाचा फोन जातो; मुलीचा फोन जातो, शाळा जाते, आणि कधी कधी पुढच्या उन्हाळ्यात तिचं लग्न लागतं. फोटो ज्यानं फिरवला त्याचं काहीच जात नाही.

हा उलटा न्याय फक्त आमच्या जंगलातला नाही. २०२४ साली उत्तर प्रदेशात दहावीच्या परीक्षेत राज्यात पहिल्या आलेल्या मुलीचा फोटो छापून आला, आणि तिच्या गुणांऐवजी तिच्या चेहऱ्यावरच्या केसांची चर्चा देशभर झाली. इतकी, की दाढीचं सामान विकणाऱ्या एका कंपनीनं तिला पाठिंबा देण्याच्या आडून आपली जाहिरातही करून घेतली. पाठिंबा देणाऱ्यांनीसुद्धा तोच फोटो पुढे पाठवला, हे मला त्यात सगळ्यात बोचलं. माझ्या प्रार्थनेनंतरच्या भाषणाची ती मोठी आवृत्ती होती.

पुढे पाठवणं ही साधी गोष्ट नाही, हे महाराष्ट्राला तरी सांगावं लागू नये. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, साक्री तालुक्यात, भिक्षा मागायला आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावानं ठेचून मारलं. मुलं पळवणारी टोळी फिरते आहे, हा मजकूर तेव्हा फोनाफोनी फिरत होता. देशात अशा घटना एकामागून एक झाल्या आणि त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपनं भारतात एक मजकूर एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घालायला घेतली. आज तुम्ही पाचवर बोट थांबवता तेव्हा त्या मर्यादेमागे राईनपाडाही आहे. माझ्या वर्गातला मुलगा म्हणतो, "मी त फक्त फॉरवर्ड केलं." फक्त, हा शब्द त्याच्या तोंडून काढणं जमलं तर अर्धं काम झालं.

कायद्याबद्दल थोडं, कारण मुलगे त्याचंच ऐकतात. दुसऱ्याच्या नावानं खातं चालवणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६ क आणि ६६ ड या कलमांखाली गुन्हा आहे. अठराच्या आतल्या कुणाचंही अश्लील चित्र बनवणं, पाठवणं, साठवणं ६७ ब खाली येतं. पहिल्याच गुन्ह्याला पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड. साठवणं हा शब्द मुद्दाम वाचा. सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की असं चित्र पुढे न पाठवता नुसतं जवळ बाळगणंही सुटकेचं कारण ठरत नाही. प्रेमात असताना तिनं स्वतःहून पाठवलं होतं, हे उत्तरही चालत नाही. मुलीनं नको म्हटल्यावरही तिला मेसेज करत राहणं, ती ऑनलाइन काय करते यावर पाळत ठेवणं, हा १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या ७८ व्या कलमाखाली पाठलाग आहे. लैंगिक स्वरूपाचा त्रास असेल तर २०१२ चा पॉक्सो कायदा मुलग्यांनाही तितकंच संरक्षण देतो. मुलगे हे बोलतच नाहीत, म्हणून इथं लिहितो. आणि शिक्षकांनो, पॉक्सोखालचा गुन्हा कळल्यावर पोलिसांना न कळवणं हा आपलाही गुन्हा आहे. गावातल्या गावात मिटवण्याची मुभा कायद्यानं आपल्याला दिलेली नाही.

पोलीस म्हटलं की इथल्या घरांत वेगळ्याच आठवणी जाग्या होतात, हे मी विसरलेलो नाही. त्यात पालघरसारख्या गोष्टी कानावर आलेल्या असतात. २०१२ साली फेसबुकवर एकीनं काही लिहिलं, दुसरीनं ते लाइक केलं, आणि दोघींना अटक झाली. ज्या ६६ अ कलमानं ते झालं ते सर्वोच्च न्यायालयानं २४ मार्च २०१५ रोजी रद्द केलं, पण भीती काही त्या निकालानं रद्द झाली नाही. तरीही गेल्या काही वर्षांत गडचिरोली पोलिसांची 'दादालोरा खिडकी' जातीच्या दाखल्यासाठी, सरकारी योजनेच्या कागदासाठी लोकांना ओळखीची झाली आहे. ज्या खिडकीवर बाप दाखल्यासाठी उभा राहतो, तिथंच त्यानं एक दिवस पोरीला सोबत घेऊन उभं राहावं, एवढीच माझी अपेक्षा आहे. ते जमत नसेल तर सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या केंद्र सरकारच्या पोर्टलवर मुलांविरुद्धच्या अशा गुन्ह्यांची तक्रार नाव न सांगताही करता येते.

उघडा फोटो फिरवण्याची धमकी आली तर पैसे देऊ नका. एकदा दिलेत की मागणारा परत येतो. मजकूर पुसू नका, आधी तारीख-वेळेसह स्क्रीनशॉट घ्या, खात्याचं नाव लिहून ठेवा, मग ब्लॉक करा. आमच्याकडे नेमकं उलटं होतं. घाबरलेली मुलगी आधी सगळं पुसून टाकते आणि मग पुरावा उरत नाही. 'टेक इट डाउन' नावाची एक फुकट सोय २०२३ पासून आहे. तिथं अठराच्या आतल्या मुलांना आपला फोटो कुणालाही न दाखवता त्याचा एक आकडी ठसा तेवढा देता येतो, आणि इन्स्टाग्राम, फेसबुकसारख्या सामील कंपन्या त्या ठशावरून तो फोटो शोधून काढून टाकतात. व्हॉट्सअ‍ॅपच्या खासगी ग्रुपांत मात्र तिचा हात पोचत नाही, आणि आमचा बहुतेक उपद्रव तिथंच चालतो. तिथं अजून तरी माणसानं माणसाला पुसायला सांगणं, एवढाच उपाय.

फोन देऊच नका, असं काही पालक म्हणतात. ऑस्ट्रेलियानं तर कायदाच केला; १० डिसेंबर २०२५ पासून तिथं सोळा वर्षांखालच्यांना समाजमाध्यमांवर खातं ठेवता येत नाही. तो प्रयोग तिथं काय वळण घेतो ते बघावं. पण जिथं शिष्यवृत्तीचा अर्ज, निकाल, भरतीची जाहिरात, बापाच्या धानाची नोंदणी, सगळं त्याच एका फोनवर येतं आणि घरात ते वाचता येणारी बहुतेक वेळा पोरगीच असते, तिथं तिच्या हातून फोन काढून घेणं म्हणजे घराचाच एक डोळा झाकणं आहे.

न बोलण्याच्या गोष्टी बोलायला कुरखेड्यानं याआधीही शिकून घेतलेलं आहे. डॉ. सतीश गोगुलवार आणि शुभदा देशमुख यांनी 'आम्ही आमच्या आरोग्यासाठी' ही संस्था इथं उभी केली, तिच्यासोबत गावोगावच्या बाया एकत्र बसू लागल्या आणि अंगावरून जाण्यापासून नवऱ्याच्या दारूपर्यंत सारं बोलू लागल्या. सुरुवातीला त्याही पदर तोंडात धरून बसत असतील. त्या बायांच्या नाती आज नववी-दहावीत आहेत. बचत गटाच्या बैठकीत कर्जाचा हिशेब झाल्यावर दहा मिनिटं नातीच्या फोनबद्दल बोलणं त्यांना अवघड जाऊ नये. माझ्यासारख्या मास्तरच्या भाषणापेक्षा त्याचा उपयोग जास्त होईल.

मुलांनो, हे पुस्तक तुम्ही आधी वाचा, आई-वडिलांना नंतर द्या. तुमच्यापैकी कुणी एखाद्याच्या मांगं लागलेलं असेल तर त्यानंही वाचावं. त्याच्यासाठीचं प्रकरण वेगळं काढलेलं नाही, कारण तो आणि ज्याला त्रास होतो तो बहुतेक वेळा एकाच बाकावर बसतात. घरी सांगता येत नसेल तर १०९८ हा मुलांसाठीचा नंबर आहे, दिवस-रात्र चालू असतो, पैसे लागत नाहीत. पैसे गेले असतील तर १९३०, आणि तोही लगेच, उद्या नाही.

आई-वडिलांना एकच विनंती. पोरगी फोन घेऊन समोर येऊन उभी राहिली, काही न बोलता, तर आधी हात फोनकडे नेऊ नका. तिला बसू द्या.